खोगिराचं मूल

सुहासचा फ्लॅट रिकामा करायचा म्हणून मी तीन याद्या केल्या होत्या. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. बेसिंगस्टोकच्या त्या दोन खोल्यांत शनिवारी सकाळी नऊला शिरले, खिडक्या उघडल्या, काळ्या पिशव्यांचं बंडल सोडलं आणि साडेदहापर्यंत स्वयंपाकघर संपवलंसुद्धा. भाऊ गेल्यावर काय करायचं हे कुणी शिकवत नाही, पण कपाट कसं रिकामं करायचं ते मला येतं. वरच्या फळीपासून सुरुवात करायची आणि कुठलीही वस्तू दोनदा हातात घ्यायची नाही.

बॉयलरच्या कपाटात बाबांची टूलबॉक्स निघाली. तिच्यात एका फडक्यात गुंडाळलेली कानस होती. ती मी उचलली, ठेवली आणि पुन्हा उचलली.

वीतभर लांब, हाताला गार. लोखंड घासून घासून दातांत बसलेली काळी भुकटी अजून तशीच. मुठीजवळ कोरलेली अक्षरं: बनवणाऱ्याचं नाव झिजून गेलेलं आणि त्याखाली, न झिजलेलं, बास्टर्ड. शिवी म्हणून नव्हे. कानशीच्या दातांची ती एक जात आहे. त्या तेलकट वासासरशी मी बेसिंगस्टोकच्या कपाटासमोरून उठून स्लाऊच्या आमच्या मागच्या अंगणात जाऊन बसले. उठायला मला दुपार झाली.

बाबा लंडनजवळ, स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवर एका कारखान्यात फिटर होते. वारा पूर्वेकडे वळला की इस्टेटवरून चॉकलेटचा वास यायचा, गरम, गोड, जरासा करपलेला, आणि आई दोरीवरचे कपडे हुंगून म्हणायची, "आज साड्यांना मुंग्या लागणार." शनिवारी बाबा शेडमध्ये काहीतरी घासत बसायचे. तो आवाज अजून माझ्या दातांत आहे. सुहास तेव्हा सात वर्षांचा असेल. तो टूलबॉक्समध्ये डोकं घालून बसला होता, एकदम ओरडला, "बाबा, तुमच्या टूलबॉक्समध्ये शिवी आहे!"

"कुठे?"

"ह्या कानसवर. लिहिलंय बघा. ताई, वाच, वाच!"

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "शिवी नाही रे. नंबर आहे तो. एक खडबडीत असते, एक गुळगुळीत असते. ही मधली."

"मधली म्हणजे बास्टर्ड?"

"हो. सगळ्यात जास्त कामाला हीच येते." एवढं बोलून त्यांनी कानस त्याच्या हातातून घेतली आणि ती पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते. मी अकरा वर्षांची होते. मला वाटलं, बाबा हत्यारांची फार काळजी घेतात.

मावशी एक रविवार सोडून यायची. आईची ही धाकटी बहीण. ती ईलिंगच्या बाजूला एका हॉस्पिटलात नर्स होती, क्वार्टर्समध्ये राहायची, आणि तिने लग्न केलं नव्हतं. ट्रेनने स्लाऊला उतरायची आणि तिथून चालत यायची, बस न घेता. थंडीत तिचे गाल लाल झालेले असत, कोटाला बाहेरच्या हवेचा आणि आतल्या बाजूने डेटॉलचा वास. पिशवीत बिस्किटांचा डबा. आल्या आल्या ती आईला विचारायची, "अक्का, मी काय करू?" आणि आई म्हणायची, "तू त्याची नखं काप. माझ्या हाती लागत नाही तो."

मग मागच्या पायरीवर वर्तमानपत्र पसरलं जायचं. सुहासचा हात तिच्या मांडीवर. एकेक बोट ती धरायची, नख कापायची आणि कापून झालेलं बोट लगेच सोडायची नाही. दहा बोटांना तिला अर्धा तास लागायचा. सुहास बडबडत असे. शेजाऱ्यांच्या अंगणात कुणीतरी गवत कापत असे, आतून कढीची फोडणी चरचरायची, आणि ती चंद्रकोरीएवढी नखं वर्तमानपत्रावर पडत राहायची. शेवटी ती कागदाची घडी करायची, पुन्हा घडी, आणि स्वतःच्या कोटाच्या खिशात ठेवायची. "अगं, बिनमध्ये टाक ना," आई म्हणायची. "जाता जाता टाकते," मावशी म्हणायची.

वाढदिवसाला औक्षण असायचं. आधी आई, मग मावशी, मग मी. मावशीच्या हातातलं तबक फिरायचं ते आमच्यापेक्षा हळू. निरांजनाचा उजेड सुहासच्या हनुवटीखालून वर जायचा, कपाळावर थांबायचा, आणि तो कंटाळून म्हणायचा, "मावशी, केक!" त्या ज्योतीला तुपाचा वास होता आणि त्या केकला प्लास्टिकचा.

सुहास अकरा वर्षांचा असताना एका शुक्रवारी शाळेतून ओठ फुटून आला. मोठ्या वर्गातल्या एका मुलाने त्याला दोन शब्दांची शिवी दिली होती. पहिला शब्द आमच्या ओळखीचा होता, आमच्यासारख्या दिसणाऱ्या कुणालाही फेकून मारायचा. दुसरा शब्द तो कानशीवरचा. आईने हळद लावली, बाबा शाळेत जायला निघाले आणि फाटकापाशी जाऊन परत आले. सुहास मात्र वेगळ्याच गोष्टीने पेटला होता. शनिवारी तो टाऊनच्या लायब्ररीत गेला, तिथली सगळ्यात जाड डिक्शनरी काढून वहीत उतरवून घेतलं, आणि रविवारी जेवताना वही उघडली. मावशी आलेली होती.

"पहिल्या शब्दाचा मला राग आला," तो म्हणाला. "दुसरा चालतो. दुसरा ते सगळ्यांनाच म्हणतात. पण त्याचा स्टोरी मस्त आहे. सांगू?"

"ताटावर नको," बाबा म्हणाले.

"शिवी नाही बाबा, हिस्टरी आहे. जुना फ्रेंच. बास्त म्हणजे पॅक-सॅडल. सॅडलला मराठीत काय?"

"खोगीर," मी म्हटलं.

"हां, खोगीर. तर ते लोक असायचे ना, खेचरावर सामान घेऊन गावोगाव जाणारे. रात्री इनमध्ये राहायचे. बेड नाही, तर खोगीरच उशीला घ्यायचे. सकाळी खोगीर खेचरावर टाकून गुडबाय. आणि मग त्या गावात जो बेबी व्हायचा तो खोगिराचा बेबी. दॅट्स इट! लग्नाचा बेड नाही ना, म्हणून खोगीर." त्याने पान उलटलं. "इंग्लंडच्या एका राजालासुद्धा म्हणायचे. तरी तो राजा झाला."

आई वाटीत आमटी वाढत होती, वाढतच राहिली, आमटी वाटीबाहेर आली. मावशीने फडकं घेतलं. टेबल पुसता पुसता तिने विचारलं, "आणि त्या बाईचं काय झालं?"

"कुठल्या?"

"त्या इनमधल्या."

सुहासने वही वरपासून खालपर्यंत पाहिली. तो मुलगा असा होता, शोधल्याशिवाय नाही म्हणायचा नाही. "ते डिक्शनरीत नाहीये, मावशी," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी मी सोळा वर्षांची झाले आणि मला कळलं. मावशीच्या क्वार्टर्समध्ये राहायला गेले होते, थंडी होती, ती म्हणाली सूटकेसमधून स्कार्फ घे. स्कार्फखाली एक लांब कागद होता, लालसर छपाईचा. सुहासचं नाव, सुहासची तारीख. आईच्या रकान्यात मावशीचं नाव. बापाच्या रकान्यात एक आडवी रेघ. आमच्या घरी त्याचं जे जन्माचं सर्टिफिकेट होतं ते छोटं, ज्यावर आईबापाची नावं नसतातच. या देशात अशी दोन प्रकारची सर्टिफिकेटं मिळतात. छोटं कशासाठी काढलं असेल ते मला त्या क्षणी उमजलं.

मावशी दारात उभी होती, युनिफॉर्मवर, पायातले बूट काढत. "वाचलंस?"

"हो."

"अक्काला मी शब्द दिलाय, त्याला कधी सांगणार नाही म्हणून. तिने त्याला वाढवलंय. मला तो शब्द मोडता यायचा नाही." तिने दुसरा बूट काढला, जोडीने भिंतीशी नीट लावून ठेवला. "तू नाही दिलेला कुणाला शब्द."

त्याचा बाप कोण, कुठे गेला, हे ना मी विचारलं ना तिने सांगितलं. मी एवढंच म्हटलं, "तो अठराचा झाला की मी सांगेन."

"लिहून ठेव," मावशी म्हणाली. "तू लिहिलंस की करतेस."

मी लिहून ठेवलं. डायरीच्या पहिल्या पानावर, सगळ्यात वर: सु.ला सांगणे. अठराव्या वर्षी त्याच्या ए लेव्हल्सच्या परीक्षा होत्या. मग युनिव्हर्सिटी. मग पहिली नोकरी, मग लग्न, मग ते लग्न मोडलं आणि त्या वर्षी तर सांगणं शक्यच नव्हतं. मग बाबांचं आजारपण. दर जानेवारीला मी नवी डायरी घेते, जुन्या डायरीतली न झालेली कामं नव्या डायरीत उतरवते. गटर साफ करणे. आईचे डोळे. सु.ला सांगणे. गटरं साफ झाली. आईच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी एका डॉक्टरांच्या प्रॅक्टिसची मॅनेजर आहे, चौदा माणसांच्या ड्यूट्यांचा रोटा सांभाळते, माझ्या हातून एक अपॉइंटमेंट चुकत नाही. आणि ते एक वाक्य मी एक्केचाळीस वेळा स्वच्छ अक्षरात उतरवलं.

मावशीने मधे एकदाच विचारलं, बाबांच्या तेराव्याला, भांडी पुसताना. "तुझ्या यादीत आहे ना गं ते?"

"आहे," मी म्हटलं.

आता वाटतं, कसल्या लाजेसाठी? प्रॅक्टिसमध्ये नव्या बाळांचे फॉर्म माझ्याच टेबलावरून जातात. आईबापांची लग्नं झाली आहेत का हे त्यात कुणी विचारत नाही, कुणाला पडलेलंही नसतं. इथल्या कायद्याने तो शब्द कधीचाच टाकून दिला. रस्त्यात लोक तो हसत हसत एकमेकांना म्हणतात. आम्ही मात्र स्लाऊच्या, शेजाऱ्यांच्या भिंतींना चिकटलेल्या टेरेस घरात दारं लावून बसलो होतो, आणि बाहेरून ती लाज केव्हाच निघून गेली होती. आपल्याकडचे शब्द मी नंतर कधीतरी शोधले होते. कडू बेणं. लेकावळा. आणि फॉर्मवरचा शहाणा शब्द, अनौरस. औरस म्हणजे उरापासून झालेला. मला ती मागची पायरी आठवली, कोटाच्या खिशात, उराशी ठेवलेली ती वर्तमानपत्राची घडी, आणि मी कोश मिटला.

सुहासला तो शब्द मात्र आयुष्यभर पुरला. प्रिंटर अडला की बास्टर्ड. शेवटची ट्रेन रद्द झाली की बास्टर्ड्स. कुणाला बढती मिळाली की लकी बास्टर्ड, कुणाचा घटस्फोट झाला की पुअर बास्टर्ड, आणि स्वतःचा झाला तेव्हा मला फोनवर म्हणाला, "ताई, मी पण आता पुअर बास्टर्ड क्लबमध्ये." मी म्हणायची, "अरे, आई ऐकतेय." तो म्हणायचा, "आईला माहितीय, तो खोगिराचा शब्द आहे." मला प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगावं. मग तो दुसरं काही बोलायला लागायचा.

पुढे कधीतरी त्याने तो शब्द वापरणं बंद केलं. ट्रेन रद्द व्हायच्या, प्रिंटर अडायचे, तो नुसता सुस्कारा सोडायचा. माझ्या लक्षात आलं होतं. ऑफिसात मोठा साहेब झाला, जीभ सांभाळायला शिकला, असं मी धरून चालले.

सात महिन्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी, ऑफिसच्या कार पार्कमध्ये सुहास कोसळला. त्रेपन्न वर्षांचा. अँब्युलन्स येईपर्यंत संपलं होतं.

फ्युनरल मीच बघितलं. दुसरं कोण बघणार होतं? फ्युनरल डायरेक्टर बाईंनी शांत आवाजात विचारलं, "जवळचे कुटुंबीय किती धरायचे?" मी वहीत बघून सांगितलं, तीन. आई, मी, माझा नवरा. पहिली ओळ. दुसऱ्या ओळीत त्याच्या ऑफिसातले, कारण ते लांबून आले होते आणि त्यांना लवकर निघायचं होतं. मावशीला तिसऱ्या ओळीत जागा दिली, स्लाऊच्या शेजाऱ्यांबरोबर, कडेला, म्हणजे तिला उठबस सोपी. तेव्हा मला वाटलं होतं, मी तिची काळजी घेतेय. आणि मला भीती होती, हेही खरं. आई चौऱ्याऐंशीची, व्हीलचेअरवर. मावशीला पुढे आणलं तर आईला काय वाटेल, लोक काय विचारतील, मी काय सांगेन. प्रत्येक प्रश्नाला मी उत्तर तयार ठेवते. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून प्रश्नच तिसऱ्या ओळीत नेऊन बसवला.

त्या हॉलला लाकडाच्या पॉलिशचा आणि ओल्या कोटांचा वास होता. सगळं झाल्यावर लोक रांगेने आईला भेटायला आले. मुलगा गेला, आईचं दुःख मोठं, वाका, हात धरा, पुढे व्हा. मावशीसुद्धा रांगेत उभी राहिली. तिच्या पुढे सुहासच्या टीममधला एक तरुण होता, मागे आमच्या जुन्या शेजारीण बाई. तिची पाळी आली तेव्हा ती व्हीलचेअरपाशी गुडघ्यांवर बसली, आईचे दोन्ही हात तिने आपल्या हातांत घेतले आणि म्हणाली, "अक्का, धीर धर."

आई तिच्याकडे बघत राहिली. ओठ हलले. मग मागच्या बाई पुढे सरकल्या, आणि मावशी उठून बाजूला झाली.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला होता. "त्याचं काही लहानसं सापडलं तर माझ्यासाठी ठेव. ठेवायच्या यादीत जागा असेल तर."

तर त्या शनिवारी कानस फडक्यात परत गुंडाळून मी त्याच्या कागदांकडे वळले. एक निळी फाइल होती, मीच त्याला कधीतरी दिलेली, आत माझ्या अक्षरातली अनुक्रमणिका. पासपोर्ट. पेन्शन. घटस्फोटाचे कागद. जन्माचं सर्टिफिकेट. त्या कप्प्यात छोटं सर्टिफिकेट होतं आणि त्याच्यामागे, त्याच पारदर्शक पाकिटात, दुसरा कागद. लांब, लालसर. रजिस्टर ऑफिसकडून मागवलेली पूर्ण नक्कल. आईच्या रकान्यात मावशीचं नाव. बापाच्या रकान्यात रेघ. खाली नक्कल दिल्याची तारीख: अकरा वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर.

मी बाथटबच्या कडेवर जाऊन बसले. बाहेर रीसायकलिंगची गाडी आली, काचा फुटल्याचा आवाज झाला, गाडी गेली. त्याला माहीत होतं. अकरा वर्षं तो माझ्याकडे जेवला, मला ताई म्हणाला, मावशीला मावशी म्हणाला, आणि आमच्यापैकी कुणीतरी सांगेल म्हणून थांबला. तो शोधल्याशिवाय राहणारा मुलगा होता, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

काल रविवारी तो कागद घेऊन मी ईलिंगला गेले. ट्रेनमध्ये दोनदा वाटलं, फाडून टाकावा. एका म्हाताऱ्या बाईला हे कळून काय मिळणार? पण असं करूनच मी एक्केचाळीस डायऱ्या भरल्या होत्या.

मावशीच्या घरात हीटर मोठा लावलेला होता, काचांवर वाफ. मी टोपी काढायच्या आतच पाकीट तिच्यापुढे ठेवलं. "त्याच्या फाइलमध्ये होतं," मी म्हटलं. "माझ्याकडून त्याला कळलेलं नाही. त्याने स्वतः मागवलं होतं."

तिने चष्मा लावला. स्वतःचं नाव बोटाने शोधलं, मग बोट हळूहळू खाली आणलं, तारखेवर. नर्स होती ती, तारखा वाचायची सवय.

"ऑक्टोबर," ती म्हणाली. "म्हणजे दिवाळीच्या आधी."

"हो."

"त्या वर्षी भाऊबीज तुझ्याकडे होती. तू ओवाळलंस, आणि तो पाटावरून उठेना. मला म्हणाला, आज तू पण ओवाळ. मी म्हटलं, अरे, मी काय बहीण आहे का तुझी?"

मला आठवत होतं. आम्ही सगळे हसलो होतो. मी फोटोसाठी सगळ्यांना सोफ्याकडे बोलवत होते, कारण त्यानंतर जेवण होतं आणि पोळ्या गार होत होत्या.

"तर तो म्हणाला, मग कोण आहेस?" मावशीने चष्मा काढला. "असं वर बघून. हसत नव्हता गं. मला वाटलं, थट्टा करतोय."

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो कागदावरून उचलला नाही.

"त्याने मला विचारलं होतं," ती म्हणाली. "आणि मी सांगितलं, मावशी."